वाघोलीची धूळ आणि साडेसात हजारांचा कोन

मार्च महिना, दुपारचे साडेबारा. पुण्याजवळच्या वाघोलीहून रोज रांजणगाव एमआयडीसीत कामाला जाणारा एक पंचविशीचा पोरगा गाडी घेऊन गॅरेजवर आला. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, २०१६ चं मॉडेल, ६२ हजार किलोमीटर झालेले. गाडी आधी वडिलांची, गेल्या वर्षापासून याच्या हातात. तक्रारी तीन. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय, सिग्नलला आयडलिंग वरखाली होतं, आणि दिवे घाट चढताना इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. चौथी गोष्ट मी विचारल्यावर निघाली.

"आठ महिन्यांपूर्वी कोन फिल्टर बसवलाय काका. पण त्याचा काही संबंध नाही. उलट तो बसवल्यापासून गाडी पळायला लागली होती."

यातलं "पळायला लागली होती" हे खरं होतं. मला ते पटायला दोन दिवस लागले.

बॉनेट उघडलं. मूळ एअर फिल्टरचा काळा डबा गायब. त्या जागी अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला लाल कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, उघडाच, इंजिनाचा गरम धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून जेमतेम हातभर लांब. सुती जाळीचा, तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा प्रकार. बसवणाऱ्याला नावं ठेवायला जागा नव्हती. क्लॅम्प घट्ट होते, नळी कुठे घासत नव्हती. आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मूळ नळीतून काढून नव्या नळीच्या भोकात व्यवस्थित बसवलेला होता. पोराचा खर्च फिटिंगसकट साडेसात हजार.

स्कॅनर लावला. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. फ्युएल ट्रिम पाहिला. ऑक्सिजन सेन्सर जे सांगतो त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. उणे-अधिक पाचच्या आत असला तर मी पुढे जातो. इथे लाँग टर्म ट्रिम, म्हणजे बरेच दिवस टिकून राहिलेला आकडा, अधिक २५ वर जाऊन टेकला होता.

इथे माझीही एक चूक झाली, ती लपवत नाही. लीन दिसलं की हात आपोआप व्हॅक्यूम लीक, म्हणजे सेन्सरला चुकवून आत शिरणारी हवा, शोधायला जातो. अर्धा तास मी प्रत्येक होजवर कार्ब क्लीनर फवारत बसलो. लीक असेल तिथे फवारा आत ओढला जाऊन आरपीएम बदलतात; इथे ते कुठेच हलले नाहीत. मग डोकं ठिकाणावर आलं आणि जे आधी करायचं ते केलं: आयडलिंगला ट्रिम किती आणि अडीच हजार आरपीएमला किती, हे बघितलं. लीक असेल तर आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि रेस दिली की खाली येतो, कारण जास्त हवेत लीकची हवा किरकोळ ठरते. पेट्रोल पंप थकला असेल तर उलटं, लोड वाढला की ट्रिम चढतो. या गाडीत दोन्हीकडे २५ च्या आसपास. सगळीकडे सारखाच टक्का कमी पडतोय याचा अर्थ मोजणाराच कमी मोजतोय.

मोजणारा म्हणजे एअर फ्लो सेन्सर. त्याच्या आत एक बारीक गरम केलेला भाग असतो. वाहती हवा त्याला गार करते, आणि त्याला गरम ठेवायला किती करंट लागला त्यावरून हवा किती आली हे कॉम्प्युटर ठरवतो. पण सेन्सर सगळी हवा मोजत नाही. नळीच्या मधली चिमूटभर हवा त्याच्यातून जाते आणि बाकीची नळीही तशीच वाहतेय असं धरलं जातं. हा हिशेब मूळ नळीच्या व्यासावर बांधलेला असतो. व्हर्नियर लावला. गाडीची मूळ नळी आतून ६२ मिलिमीटर, नवी ६८. सहा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं, पण क्षेत्रफळ २० टक्क्यांनी वाढतं. नदीचं पात्र रुंद झालं की पाणी तेवढंच असूनही धार मंदावते, तसंच हे. हवा तेवढीच, वेग कमी, म्हणून सेन्सर म्हणतो हवा कमी आली.

सेन्सर काढून टॉर्चखाली धरला. त्या बारीक भागावर मधासारखा पिवळट थर, त्यात धूळ चिकटलेली. कोन एकदा घरी धुतला होता आणि बाटलीतलं तेल "जरा सढळ हाताने" लावलं होतं, हे पोराने कबूल केलं. सेन्सर क्लीनर मारला, वाळू दिला, परत बसवला. ट्रिम २५ वरून २० ला उतरला आणि तिथेच थांबला. पाच टक्के तेलाचे होते, उरलेले वीस व्हर्नियरने आधीच सांगितले होते. हिशेब इतका चोख जुळण्याचा योग माझ्या धंद्यात वर्षातून एखाद्या वेळी येतो, म्हणून हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

घाटातल्या खडखडीचं मूळही हेच. हवा कमी आली असं वाटलं की कॉम्प्युटर समजतो, इंजिनावर लोड कमी आहे. कमी लोडला तो ठिणगी थोडी लवकर पाडतो. प्रत्यक्षात सिलिंडर भरलेला, चढ, उन्हाळा, वर मिश्रण लीन. मग नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून होणारी खडखड, होणारच. नॉक सेन्सर ते ऐकून ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, पण तोवर आवाज आपल्याला ऐकू आलेला असतो, आणि टायमिंग मागे घेतलं की ताकदही जाते.

इथवर नेहमीचं काम. पोरगा मात्र एका मुद्द्यावरून हलेना. "काका, दिवा गेल्या महिन्यात लागला. पण कोन बसवला त्या दिवशी गाडी खरंच हलकी झाली होती. माझा भास नव्हता." मी म्हटलं, मूळ डबा घेऊन ये. आईने माळ्यावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या रिकाम्या गोणीत घालून आणला.

डब्याच्या चार क्लिपा उघडल्या आणि दोघंही गप्प झालो. कागदी फिल्टर होता तसाच, कोन बसवण्याच्या दिवशी डबा काढून माळ्यावर गेला तेव्हाचा. रंग शेणाच्या गोवरीसारखा. घड्यांच्या मधली जागा करड्या भुकटीने बुजलेली. वाघोलीच्या खाणी आणि क्रशर ज्यांना माहीत आहेत त्यांना ही भुकटी ओळखीची. डब्याच्या खालच्या अर्ध्या भागात शेंगदाण्याची टरफलं, प्लॅस्टिकच्या पिशवीचे कातरलेले तुकडे, थोडा कापूस. समोरच्या जाळीतून हवा घेणारी जी नळी डब्यात येते, तिच्यातून उंदराने संसार आत आणला होता आणि तिचं तोंड निम्मं बुजवलं होतं. वडिलांनी सर्व्हिसिंग वेळेवर केलं असणार, तेल बदललेलं दिसत होतं. फिल्टरला मात्र दर वेळी "हवा मारली" असणार. कागद एका कोपऱ्यात फाटलाही होता. कॉम्प्रेसरची नळी जवळ धरून भसकन हवा मारली की असं होतं. फिल्टर झटकायचाच असेल तर कमी दाबाने, आतून बाहेर, आणि तेही एखाद्या वेळेस. तीनशेच्या आत मिळणाऱ्या वस्तूवर एवढे उपचार कशाला, ते मला कधी कळलं नाही.

म्हणजे पोराने तुलना केली होती ती नवा कोन आणि उंदराचं घर यांची. नवा कागद आणि नवा कोन यांची तुलना त्याने केलीच नव्हती, आणि सहसा कुणीच करत नाही. फिल्टर बदलायची वेळ झालेली असते तेव्हाच माणूस कोन घेतो.

मग मलाच खाज सुटली. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, फूटपट्टीवर यू आकारात टेपने चिकटवली, त्यात नीळ घातलेलं पाणी भरलं. एक टोक मोकळं, दुसरं टोक फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत भोक पाडून बसवलेल्या निपलला. इंजिन हवा ओढतं तेव्हा फिल्टरमागे जितका दाब कमी होतो, तितकं पाणी एका बाजूला चढतं. दोन्ही पातळ्यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये वाचायचं. मध्ये एक रिकामी बाटली जोडायला विसरू नका, नाहीतर निळं पाणी इंजिनात जाईल. हेल्परला शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टी त्याच्या मांडीवर. पहाटे रस्ता मोकळा असताना दुसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, साडेपाच हजार आरपीएमला "आता" म्हणायचं, की तो आकडा बोलणार.

जुना डबा उंदराच्या सामानासकट: ३८० मिलिमीटर पाणी. डबा साफ, नळी मोकळी, नवा कागदी फिल्टर: १६०. कोन: ९०.

कोनवाले म्हणतील, बघा, कोन जिंकला. जिंकलाच. पण किती फरकाने? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथला हवेचा दाब पाण्याच्या भाषेत नऊ हजार सातशे मिलिमीटरच्या आसपास. कागद आणि कोन यांतला फरक ७० मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. ऐंशी-पंच्याऐंशी हॉर्सपॉवरच्या इंजिनात अर्धा-पाऊण हॉर्सपॉवर. उंदीर काढून नवा कागद घातला तेव्हा मिळाले २२० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन टक्के. पोराला जाणवलेला हलकेपणा बहुतांश इथला होता, आणि तो तीनशे रुपयांत मिळत होता.

आता गरम हवेची बाजू. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या ओबीडी डोंगलवरून आत येणाऱ्या हवेचं तापमान फोनवर दिसतं. बाहेर ३६ अंश असताना खराडी बायपासच्या सिग्नलला कोन ६१ अंशांची हवा ओढत होता. गाडी साठच्या वेगाने चालली की ४७. मूळ डबा सिग्नलला ४८ आणि चालताना ४१. हवा गरम झाली की विरळ होते, आणि इंजिनाला लिटरपेक्षा वजन लागतं. ३६ आणि ६१ अंशांच्या हवेत साडेसात टक्क्यांचा फरक पडतो. चालत्या गाडीतही कोन आणि डबा यांच्यात जवळपास दोन टक्क्यांचा फरक डब्याच्या बाजूने. कोनाने पाऊण टक्का दिला आणि दोन टक्के काढून घेतले.

लोक ज्याला "कोल्ड एअर इनटेक" म्हणून पैसे देतात ते कंपनीने बहुतेक गाड्यांत आधीच दिलेलं असतं. डब्याची नळी रेडिएटरच्या वरून समोरच्या जाळीपाशी जाते ती उगीच नाही. तिच्या बाजूला एक बंद पोकळ डबी असते, रेझोनेटर. तिला फालतू समजून काढून टाकणारे पुष्कळ. ती हवा अडवत नाही, हवेच्या लाटांचा गोंगाट गिळते. ती काढली की घुमणारा आवाज ऐकू येतो, आणि कानाला वाटतं की ताकद वाढली.

कानाचा हा भ्रम मी स्वतःवरही तपासला. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८०, जीपीएस अ‍ॅपवर वेळ, दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या, सरासरी. उंदीरवाला डबा ८.९ सेकंद, नवा कागद ८.५, कोन ८.७. पण माझ्या एकाच मांडणीतल्या फेऱ्याही आपसांत ०.२ सेकंदांनी मागेपुढे होत होत्या. म्हणून एवढंच म्हणतो की नव्या कागदापेक्षा कोन वेगवान नव्हता. कोन लावलेला असताना मात्र प्रत्येक वेळी मला वाटत होतं, ही फेरी सगळ्यांत भारी गेली.

अ‍ॅव्हरेजबद्दल पोराची तक्रार होती की सतरावरून चौदावर आलं. फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त लागतं ही समजूत जुन्या पद्मिनी गाडीच्या काळातली. तेव्हाच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा अडली की मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, व्हायचं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर हवेप्रमाणे पेट्रोल कापतो. शिवाय रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, पाकळी अर्धवट मिटलेलीच असते. ती मुद्दाम एवढी हवा अडवत असताना फिल्टरने आणखी थोडी अडवली तर पाय जरासा जास्त दाबला जातो, बस. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये नव्या गाड्यांवर हेच तपासलं होतं: चोंदलेल्या फिल्टरने पेट्रोलचा खर्च बदलला नाही, पिकअप मात्र घटला. मग याचे तीन किलोमीटर गेले कुठे? थोडे मागे घेतलेल्या टायमिंगमध्ये, आणि उरलेले त्याच्या उजव्या पायात. आवाज ऐकायचा तर रेस द्यावी लागते.

मला सगळ्यात जास्त टोचली ती दुसरीच गोष्ट. कोन काढल्यावर नळीत, म्हणजे फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, पांढऱ्या फडक्याने बोट फिरवलं. फडक्यावर करडा, किंचित तेलकट पट्टा उमटला. मग नव्या कागदावर दोन आठवडे गाडी चालवून डब्याच्या स्वच्छ बाजूला तसंच फडकं फिरवलं, तर ते जवळजवळ कोरं. हवा सहज जाऊ देणं आणि धूळ अडवणं ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. चांगला कागद नव्याण्णव टक्क्यांहून जास्त धूळ धरतो. वरच्या एका टक्क्यात किती निसटतं, यावर पिस्टनच्या रिंगांचं आयुष्य ठरतं. काळ्या दगडाची भुकटी तेलात मिसळली की काय तयार होतं ते कुठल्याही मिस्त्रीला विचारा. व्हॉल्व्ह घासायला आम्ही डबीतून काढतो तीच पेस्ट. सपाट, डांबरी, धुतलेल्या रस्त्यांच्या मुलुखात हा सौदा कदाचित चालेल. नगर रोडला नाही.

कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ, काळजीचं कारण नाही. आठच महिने झाले होते.

कायद्याचं आणि विम्याचं त्याला थोडक्यात सांगितलं, कारण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार नको म्हणतो. कोनावरून रस्त्यात अडवलेलं मी पाहिलेलं नाही, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडतोच. बंपरमध्ये खाली कोन नेणारे किट असतात, त्यांची हवा खरंच गार असते. पण पावसाळ्यात अंडरपासला तुंबलेल्या पाण्यात तोच कोन पहिला बुडतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही.

"मग रेसिंगवाले करतात ते काय वेडे आहेत का?" पोराने विचारलं. प्रश्न बरोबर होता. रॅलीत तर हवेवरच लढाई असते. जागतिक रॅलीत इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरची रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा आवळणारी कडी, सक्तीची होती, सगळ्यांची ताकद आटोक्यात राहावी म्हणून. १९९५ साली टोयोटाच्या संघाने ती रिस्ट्रिक्टर अशी बसवली होती की क्लॅम्प आवळताना स्प्रिंगच्या जोरावर ती पाच मिलिमीटर सरकायची आणि तिला वळसा घालून जादा हवा आत जायची. तपासणीला उघडली की परत जागेवर. कॅटलोनियाच्या रॅलीत पकडले गेले, संघावर एक वर्षाची बंदी आली. तिथे हवा हीच खरी अडचण होती, आणि टर्बो, मॅपिंग, इंधन सगळं त्या जादा हवेची वाट बघत होतं. तुझ्या इंजिनात हवेची अडचण फिल्टरपाशी नाहीच, असं त्याला सांगितलं. व्हॉल्व्ह, कॅम, एक्झॉस्ट, कॉम्प्युटरचा नकाशा, सगळं एकमेकांना बेतून बसवलंय. टर्बो गाडी असती, रिमॅप केलेली, म्हणजे कॉम्प्युटरचा नकाशा बदललेली असती, तर डब्यात बसणारा चांगला सपाट पॅनेल फिल्टर आणि मोठी नळी यांवर मीही बोललो असतो, सेन्सरचा नवा हिशेब मॅपमध्ये घालून.

काम असं झालं: मूळ डबा धुऊन बसवला, समोरच्या नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावली उंदरासाठी, नवा कागदी फिल्टर, निपलचं भोक बंद, सेन्सर जुन्या नळीत. प्लग काढून बघितले, चारही पांढुरके पडले होते, लीन चालल्याची खूण. बदलले. कोड पुसला. तीन दिवस चालवून आल्यावर लाँग टर्म ट्रिम अधिक २.

बिल देताना तो कोनाकडे बघत होता. "आवाज गेला काका."

"गेला."

तांदळाच्या त्याच गोणीत घालून त्याने कोन घरी नेला. रविवारी संध्याकाळी फोन आला, जेजुरीहून परतताना केलेला. जाताना दिवे घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली, खडखड नाही, चार माणसं होती. मी विचारलं, मग कसं वाटलं? तर म्हणाला, आता काच बंद करून एसी लावतो, ऐकण्यासारखं काही राहिलं नाही.